रेडकाची लांब उडी

जनावरं आपसात उघडपणे बोलत, त्या काळची ही गोष्ट. दोन गावांमध्ये ओढ्यावरून उडी मारण्याची स्पर्धा ठरली. जिंकेल त्या गावच्या जनावरांना उन्हाळाभर पलीकडचं हिरवं कुरण मिळणार होतं.

शेळीची पोर टिकली रोज पाल्यासाठी कुंपणं ओलांडायची. तिने वानर वस्तादांना उडी मारून दाखवली.

"उडी बरी आहे गं," वस्ताद म्हणाले, "पण मी निवडतो ते माझ्या तालमीतल्यांनाच. रोज पाटीभर पेंड आणायची."

टिकलीच्या आईने पेंड कधी हुंगलीसुद्धा नव्हती. टिकली मान खाली घालून घरी गेली. पेंड आली सावकाराच्या म्हशीकडून, आणि निवड झाली तिच्या गुबगुबीत रेडकाची.

स्पर्धेच्या दिवशी रेडकू ऐटीत धावलं, काठावर थबकलं आणि धप्पकन ओढ्याच्या चिखलात रुतलं. कुरण गेलं ते गेलंच, वर रेडकाने "आई गं!" म्हणून हंबरडा फोडला. टिकलीला राहवेना. एका झेपेत ती पलीकडे गेली, तिथल्या बैलाला मदतीला बोलावलं आणि दुसऱ्या झेपेत परत आली.

वस्ताद तिच्यावर खेकसले, "ए पोरी, मध्ये मध्ये उड्या काय मारतेस? इथे स्पर्धा चालली आहे!"