बसलं का बसवलं

"बसलं, का बसवलंस?"

दस्तगीर उस्तादांनी मशीनला हात न लावताच विचारलं.

अवधूत हसला. "एकच की ते, उस्ताद."



मशीन झाडं तोडायचं होतं. कटर म्हणतात आमच्याकडे. अवधूतनं ते सुट्या भागांतून जोडून आणलं होतं. भाग कंपनीचे नव्हते. कुठल्याशा कारखान्यानं कंपनीच्या मशीनची नक्कल करून सगळे तुकडे एका खोक्यात भरले होते आणि वर चित्र मात्र अस्सल मशीनचं छापलं होतं. आत माहितीचा कागदसुद्धा नव्हता. भोकासमोर भोक येत नव्हतं. असल्या खोक्यातून चालतं मशीन उभं करायचं म्हणजे डोकं लागतं, आणि अवधूतला डोकं होतं. ते आपल्याला आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली पोरं उस्तादांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांचा त्यांना त्रास नसे. अवधूतकडे हळकुंड अख्खं होतं, म्हणून त्याची काळजी वाटायची.

पाच वर्षं तो उस्तादांच्या हाताखाली होता. गेल्या दसऱ्याला त्यानं स्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं. उस्ताद होते तिथंच राहिले, पिराच्या माळावर, दर्ग्याच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. पहाटे दर्गा झाडायचा आणि मग पंप, मोटारी, कटर घेऊन बसायचं. दुकानाला पाटी नव्हती. लोक आधी पिराला फूल वाहत आणि मग उस्तादांपुढे मोटार ठेवत. दोघांपैकी कुणाच्या हातून काम होईल याचा नेम नाही म्हणून.

"सांग," उस्ताद म्हणाले. "काय काय बसवलंस?"

"सिलिंडरची भोकं तिरकी हुती. कानस मारली."

"हां."

"बेअरिंग आत जाईना. इंजिनाची केस गरम केली, हातोडीनं घातलं."

"हां."

"ब्रेकची स्प्रिंग आखूड निघाली. फवारणी पंपाची घातली."

या वेळी उस्तादांनी 'हां' म्हटलं नाही.

या मशीनला हातांच्या पुढे एक उभी ढाल असते. चेन जिच्यावरून फिरते त्या लांब पट्टीचं टोक चुकून फांदीला लागलं, तर मशीन उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. तेव्हा मनगट त्या ढालीवर आपटतं, आतला ब्रेक आवळला जातो आणि चेन जागच्या जागी थांबते. ती थांबली, तर माणूस संध्याकाळी घरी जातो.

अवधूतनं ढाल पुढे ढकलली. टक.

"ऐका आवाज. कंपनीच्याला बी असा येत न्हाई."

"आवाज झ्याक हाय. वरनं कीर्तन..." उस्ताद तिथंच थांबले. पुढचं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

अवधूतचा चेहरा उतरला, आणि उतरलेला चेहरा लपवायला तो चिडला.

"तुमच्या वेळंला असलं किट मिळत न्हवतं, उस्ताद. मिळालं असतं तर तुमीबी हेच केलं असतं. जे बसत न्हाई ते बसवायचं, ह्यालाच कारागिरी म्हणत्यात. तुमीच शिकवलंय."

"खरं हाय," उस्ताद म्हणाले. "मी बी लई बसवलंय."

त्यांनी पोतं अंथरलं, त्यावर मांडी घातली आणि मशीन स्वतःकडे ओढून घेतलं. ढाल पुढे ढकलली. टक. मग उजव्या हाताचा तळवा उघडा करून तो चेनवर ठेवला.

चेनचे दात अवधूतनं कालच धार लावून चमकवले होते.

"दोरी ओढ."

"उस्ताद?"

"दोरी ओढ, आन् पुरी रेस दे. ब्रेक लावलाय न्हवं? ब्रेकनं धरलं तर चेन हलायची न्हाई."

"हात काढा की आधी."

"का?"

"उगंच कशाला, उस्ताद. हात काढा."

"उगंच न्हाई. काम तुझं, शिकवणारा मी. माझा हात असू दे. ओढ."

अवधूतनं दोरीची मूठ धरली. दुपारची वेळ होती, माळावर चिटपाखरू नव्हतं. पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. त्यानं मूठ आवळली, सैल केली, परत आवळली. गिऱ्हाइकाला तो डोळ्यांत डोळे घालून हमी देऊ शकत होता, दिलीही असती. पण दोरी काही त्याच्यानं ओढवेना. त्याच्या कपाळावरचा घाम मशीनच्या टाकीवर पडला.

उस्ताद त्याच्याकडे बघत नव्हते. ते आपल्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

अवधूतनं मूठ सोडली.

"निसटतोय ब्रेक," तो पुटपुटला. "दर वेळंला न्हाई. दहातनं एकदा... दोनदा. पंपाची स्प्रिंग तेवढी आवळत न्हाई."

"हे आत्ता कळलं तुला?"

अवधूतनं नकारार्थी मान हलवली.

"कधी कळलं?"

"बसवतानाच."

उस्तादांनी हात उचलला. तळव्यावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या, रक्त नव्हतं. त्यांनी तो धोतराला पुसला. ते चिडले असते तर अवधूतला बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत.

"मोडून टाकतो हे," अवधूत म्हणाला. "आजच मोडतो."

"एकच जोडलंस?"

अवधूतनं मान वर करून माळापलीकडे पाहिलं.

समोरच्या डोंगरावरून आवाज येत होता. सकाळपासूनच येत असावा. लाकडात शिरताना जड होणारा, बाहेर आल्यावर किंचाळणारा. कटरचा आवाज ज्याला माहीत आहे त्याला तो कोसावरूनही कळतो.

"दोन खोकी मागवली हुती," अवधूत म्हणाला.

"दुसरं कुठाय?"

"दाजींच्याकडं."

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, केरबा. झाडतोडीवरच त्याचं घर चालायचं. जुनं मशीन ऐन कामाच्या दिवसांत बंद पडलं आणि तो हात चोळत घरी बसला होता. अशा वेळी मेहुण्यानं नवंकोरं मशीन आणून दिलं. काल दिवसभर केरबा ते खांद्यावर टाकून गावातून फिरला होता. आमच्या अवधूतनं स्वतःच्या हातानं केलंय म्हणून भेटेल त्याला सांगत होता. आज तो समोरच्या डोंगरावर निलगिरी पाडत होता.

"स्प्रिंग?" उस्तादांनी विचारलं.

"तीच."

"फोन लाव."

"वर रेंज न्हाई."



"मग हितं कशाला उभा हैस?" उस्ताद म्हणाले.

अवधूतनं मोटरसायकल ओढ्यापर्यंत नेली. पुढे पायवाट होती. तो पळत निघाला. आवाज चालू आहे तोवर दाजी शाबूत आहेत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. जन्मात कधी त्यानं एखादं मशीन बंद पडू नये म्हणून इतकी करुणा भाकली नव्हती, आणि हे तर बंद पाडायलाच तो पळत होता.

अर्ध्या चढावर आवाज थांबला.

अवधूत उभा राहिला. जेवायची वेळ झाली असेल. टाकीतलं पेट्रोल संपलं असेल. पाणी प्यायला थांबले असतील. तो कान देऊन उभा राहिला...

आवाज परत आला नाही. मग वरून माणसांची हाकाहाक ऐकू आली.

केरबाला त्याच्या दोन सोबत्यांनी घोंगड्यात घालून खाली आणलं. डाव्या खांद्याला टॉवेल गच्च बांधला होता आणि टॉवेलाचा मूळ रंग आता ओळखता येत नव्हता. अवधूतनं घोंगड्याचं एक टोक धरलं. केरबानं डोळे उघडले.

"अवधूत, आलास व्हय?" तो म्हणाला. "मशीन झ्याक हाय रं. माझाच हात चुकला."

वाटभर तो तेवढंच बोलला.

वीसेक दिवसांनी अवधूत पिराच्या माळावर आला. दाढी वाढलेली, खांद्यावर पोतं. पोत्यात केरबाकडचं दुसरं मशीन होतं, सगळं खोललेलं, नटन् नट वेगळा. त्यानं ते उस्तादांपुढे ठेवलं.

उस्ताद एका पंपाचा कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धूत होते. त्यांनी पोत्याकडे पाहिलं नाही.

"केरबा?"

"जगले. हात न्हाई ठेवता आला डॉक्टरांना. खांद्यापासनं काढला."

"बोलतो काय?"

"हात चुकला म्हणत्यात. फांदी आडवी आली, ती बघितली न्हाई म्हणत्यात. पोलीसपाटलाला तसंच सांगितलं. गड्यांना बी. आन् पोरांनी विचारलं तर त्यास्नी बी."

"बहीण?"



"ताई म्हणती, तू वेळंवर पोचलास म्हणून माणूस हाताला लागला. काल मला बळंच जेवाय बसवलं. घरातलं हुतं न्हवतं तेवढं तूप माझ्याच भातावर घातलं, उस्ताद. पोरं बघत हुती."

"आन् तू?"

"जेवलो."

उस्तादांचा हात पेट्रोलमध्ये थांबला...

दर्ग्यापुढे एक म्हातारी उदबत्ती लावत होती. वाऱ्यानं काडी विझत होती आणि ती परत परत पेटवत होती. अवधूत तिच्याकडे बघत राहिला, कारण दुसरीकडे कुठं बघावं हे त्याला कळत नव्हतं.

"घास गिळताना वाटलं, सांगावं," तो म्हणाला. "दाजी खाटंवरनं माझ्याकडंच बघत हुते. त्यास्नी ठाऊक हाय का न्हाई, मला कळत न्हाई. सांगितलं तर ताई मला परत उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाई. न्हाई सांगितलं तर... ती अशीच वाढत राहणार."

त्यानं पोतं उस्तादांकडे आणखी सरकवलं.

"दुकानाला कुलूप घातलंय. कानस, हातोडी, कशालाच हात लावत न्हाई आता. म्हणाल तर जन्मभर हितं दर्गा झाडतो. तुमी काय सांगाल ते करतो. पर मला शिक्षा द्या, उस्ताद. कुणी शिवी बी देत न्हाई मला. तुमी तरी द्या."

तो उस्तादांच्या पायाशी वाकला. उस्तादांनी पाय मागे घेतले. हात पेट्रोलमधून काढले, धोतराला पुसले आणि कार्बोरेटर फडक्यावर नीट ठेवला.

"शिक्षा माझ्याकडं न्हाई, अवधूत."

"मग कुणाकडं?"

"केरबाकडं हाय. जा, मागून घे."