चाकाखालचं लिंबू

शर्वाणी नाडकर्णी ज्या कंपनीच्या सीईओ होत्या, ती समोर माणूस दिसताच आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्या बनवायची. हुकूम मात्र चालायचा तो अध्यक्ष जयवंतराव मिरजकरांचा. ओल्या रस्त्यावर समोरचा माणूस गाडीला कधीकधी दिसतच नाही, हे बाईंनी त्यांना परोपरीनं सांगून पाहिलं.

"शुक्रवारी गाडी बाजारात आलीच पाहिजे," जयवंतरावांनी बजावलं. "जमत नसेल तर राजीनामा द्या."

शुक्रवारी चाकणच्या कारखान्यात मंडप सजला, पत्रकार जमले. गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं. बाईंच्या मनात आलं, नोकरी गेली तर जाईल, पण उद्या कुणाचं लेकरू समोर आलं तर?

जयवंतरावांनी माइक घेतला. "ही गाडी माणसाला साधा धक्कासुद्धा लावणार नाही."

बाईंनी वाकून लिंबू उचललं.

"साहेब, गाडी थांबते ती माणसासाठी, लिंबासाठी नाही. मुहूर्ताला तुम्हीच समोर उभे राहा, मी गाडी सोडते. आवार आत्ताच धुतलंय."

सगळे कॅमेरे जयवंतरावांकडे वळले. त्यांनी ओल्या फरशीकडे पाहिलं. आधी त्यांचं पाऊल मागे आलं आणि मग गाडीची तारीख पुढे गेली.