आडवी आलेली रेघ

एकदा एका शिष्याच्या डोक्याला त्याच्या गुरूनेच ताप दिला. ताप साधासुधा नव्हे, रोजचा. दिवसभर मान मोडून शिष्याने काही रचावे आणि संध्याकाळी वृद्ध गुरुजींनी चहाचा पेला हातात घेऊन यावे, खुर्ची ओढावी आणि त्याची पार वाट लावून जावे. वर विचारावे, "आता सांग, काय बदललं?"

"सगळंच बदललं, गुरुजी!" शिष्य कळवळून म्हणे.

"पुन्हा बघ," एवढे बोलून गुरुजी चालू लागत. याला काय शिकवणे म्हणायचे? शिष्य मनातल्या मनात चरफडे आणि पुन्हा पहिल्यापासून मांडामांड करी.

गुरुजींची विद्या होती माहिती साठवण्याची. मोठमोठ्या पेढ्यांचे आणि रुग्णालयांचे डेटाबेस त्यांनी उभ्या आयुष्यात रचले होते. उतारवयात टेकडीवरच्या घरी संगणक मांडून ते तीच विद्या देत असत. पूर्वी या कामासाठी ढीगभर आज्ञा पाठ कराव्या लागत. आता चित्रमय एडिटर आला आहे. माहितीच्या प्रत्येक तक्त्याची पडद्यावर एक चौकट दिसते आणि ज्या तक्त्याचा ज्याच्याशी संबंध, त्या दोघांमध्ये एक रेघ. चौकट माऊसने धरावी, हवी तिथे ठेवावी. रेघेवर टिचकी मारावी, की एका तक्त्यातून थेट दुसऱ्यात. इतके सोपे, की माणसाला हे सगळे चित्रच आहे असे वाटू लागते. तिथेच घोटाळा होतो.

लहान मुलांच्या खोकल्यावरचा काढा बनवणाऱ्या एका व्यापाऱ्याचे काम गुरुजींनी या शिष्यावर सोपवले होते. एका पातेल्यात एका वेळी जेवढा काढा निघतो, त्याला त्या कारखान्यात घाणा म्हणत. घाण्याची एक चौकट, पातेल्यांची एक, औषधींची एक, दुकानांची एक, आणि कोणत्या दुकानाला कोणत्या घाण्याच्या बाटल्या गेल्या त्या पाठवणीची एक. शिष्याने चौकटींना रंग दिले, ओळीत बसवल्या, उंची सारखी केली. सगळे कसे देखणे झाले. फक्त एक रेघ मेली ऐकेना! घाण्यापासून पाठवणीपर्यंत जाणारी ती रेघ साऱ्या चित्रावरून तिरकी धावत होती, धुतलेल्या सदऱ्यावर शाईचा ओघळ यावा तशी. घाणा इकडे घेतला तर ती औषधींवरून जाई. पाठवणी तिकडे नेली तर दुकानांना छेदून जाई. शिष्याच्या नाकी नऊ आले. शेवटी वैतागून त्याने रेघ निवडली आणि पुसून टाकली. एडिटरने विचारले, हा संबंध डेटाबेसमधूनही काढायचा का? शिष्याने 'होय' दाबले. आपण सगळेच दाबतो तसे, न वाचता.

चित्र सुंदर दिसू लागले. कारखान्याचा कारकून तिकडून रोजच्या नोंदी त्यात भरतच होता. गुरुजी तेव्हा काही दिवस परगावी गेले होते; ते परतले त्याच दिवशी व्यापारी चित्र पाहायला आला आणि हरखून गेला.

"वा, वा! गुरुजी, तुमच्या पोराच्या हाताला काय वळण आहे! हे तर मी चौकट करून भिंतीला लावीन."

शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढले. आणि नेमके तेव्हाच गुरुजी खुर्ची ओढून बसले, माऊस हातात घेतला आणि एकेक चौकट धरून भिरकावू लागले. पातेली खाली, दुकाने डावीकडे, औषधी कोपऱ्यात. निळ्यावर पिवळे, पिवळ्यावर हिरवे. पाहुण्यासमोर! शिष्याच्या डोळ्यांत पाणी यायचे बाकी राहिले. म्हातारपणी माणसाचे डोके फिरते म्हणतात ते हेच, असे त्याला वाटले. घाण्याची चौकट मात्र गुरुजींनी दोनदा ओढली, मागे नेली, परत ओढली आणि ते कपाळाला आठ्या घालून पाहत राहिले.

एवढ्यात व्यापाऱ्याचा फोन वाजला. तिकडचे ऐकता ऐकता तो मटकन खाली बसला.

"गुरुजी, घात झाला. मोठ्या तांब्याच्या पातेल्याची कल्हई उडालीय, कोणाच्या लक्षातच आलं नाही. आवळ्याचा आंबट काढा त्यात रात्रभर राहिला, पार कळकला, विषच झालं त्याचं. आणि तो घाणा भरून, बाटल्या बाहेर गेल्यासुद्धा. तान्ही पोरं घेतात हो तो!"

"विक्री थांबवायचा निरोप सगळ्यांना द्या," गुरुजी म्हणाले.

"देतो. पण घराघरांत गेलेल्या बाटल्यांचं काय? जिल्ह्याजिल्ह्यांत दुकानं आहेत माझी. हा घाणा कुणाकडे गेला, एवढं तरी कळू दे!"

शिष्याने झडप घालून माऊस घेतला. घाणा सापडला. त्यावरून पातेले दिसले, औषधी दिसल्या. दुकान काही दिसेना. त्याने चौकटी वरखाली केल्या, इकडेतिकडे टिचक्या मारल्या. शेवटी तो गुरुजींवर उसळला.

"तुम्ही विस्कटलंत म्हणून सापडत नाहीये! मांडलेलं होतं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं!"

गुरुजी रागावले नाहीत. "मी चौकटी हलवल्या. रेघ एकही तोडली नाही. घाण्यापासून पाठवणीपर्यंत एक रेघ होती. ती कुठे गेली?"

शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. "ती... आडवी येत होती," तो पुटपुटला.

"अरे बाबा, मी रोज चौकटी का ओढतो? चित्र बिघडवायला? चौकट ओढली की तिच्याबरोबर काय काय ओढलं जातं, ते बघावं लागतं. कोण कोणाला धरून आहे, ते तेव्हा कळतं. जागा ही आपल्या डोळ्यांची सोय. इतके दिवस मी तुझ्या जागा मोडल्या, आत एक अक्षर हललं नाही. तू एक रेघ पुसलीस आणि घाणा दुकानाला पारखा झाला. आज घाणा ओढला, तर पाठवणीकडे काही ताणलंच जाईना, तेव्हा माझ्या लक्षात आलं. डोळ्यांना खुपतं म्हणून आपण जे काढून टाकतो, ते कशाला बांधलेलं आहे हे आधी बघावं."

एवढे बोलून गुरुजींनी दोन चौकटी त्या पसाऱ्यातून ओढल्या, वाकड्यातिकड्याच ठेवल्या आणि त्यांच्यात पुन्हा रेघ ओढली. एडिटरने नकार दिला. एका पाठवणीवर लिहिलेल्या आकड्याचा घाणा कारखान्यात कधी निघालाच नव्हता. रेघ होती तोवर असा चुकीचा आकडा एडिटर आत घेत नसे. रेघ गेली, राखण गेली, आणि कारकुनाच्या बोटाची चूक बिनबोभाट आत येऊन बसली.

गुरुजींनी ती एक नोंद बाजूला काढली. मग रेघ जुळली. टिचकीसरशी दुकानांची नावे पडद्यावर आली. व्यापारी एकेकाला फोन लावू लागला. लहान गावांतले दुकानदार, कोणाच्या घरी काय नेले हे त्यांना ठाऊक असते. बाटल्या परत येऊ लागल्याचे निरोप आले.

उरली ती बाजूला काढलेली पाठवणी. ती कातळवाडीच्या दुकानाची होती. तिथे कोणता घाणा गेला होता ते आता कोणीच सांगू शकत नव्हते. दुकानदार लग्नाला परगावी गेलेला, फोन उचलेना, दुकानाला कुलूप.

"मी जातो," शिष्य म्हणाला. गुरुजींनी मान हलवली.

व्यापाऱ्याच्या जीपमध्ये चांगल्या बाटल्यांचे खोके टाकून तो कातळवाडीला पोहोचला आणि पहिल्या घरापासून विचारत सुटला. कोणी म्हणे आमच्याकडे लहान मूलच नाही. कोणी त्याला विक्रेता समजून दार लावून घेतले. एका आजीने तर, "आमचं आम्ही बघू, तुझं औषध तुलाच लखलाभ," म्हणून हाकलले. त्याच्या जिवाची तगमग चालली होती आणि कोणाला काही पडलेली नव्हती.

पुढच्या एका घरात मूल खोकत होते. आईने बाटली नुकतीच उघडली होती, झाकण तिच्या हातातच होते. शिष्याने बाटलीवर छापलेला घाण्याचा आकडा पाहिला. तोच घाणा.

"ताई, थांबा! हे देऊ नका. आधी दिलंत का?"

"नाही हो. आता पहिल्यांदाच काढतेय. का, काय झालं?"

त्याने सगळे सांगितले आणि दुसरी बाटली तिच्या हाती दिली. तिने मुलाला उराशी घट्ट धरले. मग म्हणाली, "देवासारखे आलात. पण ही बाटली आमच्याच घरी आहे, हे कसं कळलं तुम्हाला?"

"कळलं नव्हतं, ताई," शिष्य म्हणाला. "कळायला हवं होतं."

त्याने खोके उचलले आणि तो पुढच्या दाराकडे वळला. अर्धी वाडी अजून बाकी होती.