तान्हूबाईच्या दोन गुंडाळ्या

आमच्या बीजकेंद्रातल्या ओल्या गोणपाटाचा वास अजून माझ्या नाकात आहे. ज्वारीचे शंभर दाणे त्यात गुंडाळायचे आणि आठवड्यानं कोंब मोजायचे, हे काम तान्हूबाईचं.

एकदा केंद्रप्रमुख रणदिवेसाहेबांनी उगवण वाढवायला स्वतः शोधलेली भुकटी आणली. भुकटी चोळलेल्या शंभरांतले शहाऐंशी दाणे उगवले, साध्या शंभरांतले एक्क्याऐंशी.

"पाच जास्त! उद्यापासून सगळ्या तालुक्याला सक्ती!" साहेब गरजले. मी कारकून, लगेच हुकूम लिहायला बसलो.

तेवढ्यात तान्हूबाईनं साहेबांच्या गुंडाळ्यांबरोबरच भिजवलेल्या आणखी दोन गुंडाळ्या उलगडल्या. "साहेब, यातली भुकटीची कोणती, सांगा बरं."

साहेबांनी कोंब मोजले. एकीत अठ्ठ्याऐंशी, दुसरीत ऐंशी.

"ही पहिली! दिसतंय की डोळ्यांना!"

"भुकटी दोन्हींत नाही, साहेब. एकाच पोत्यातली ज्वारी, एकाच रांजणातलं पाणी. काही न लावता आठाचा फरक पडतो, मग तुमच्या पाचाचं काय घेऊन बसलात?"

साहेबांनी माझ्या हातातून हुकूम घेतला आणि घडी करून खिशात घातला.

पुढे मी संख्याशास्त्र शिकलो, शिकवलंही. कुणी फरकाचा आकडा नाचवला की आजही आधी विचारतो, "काही न लावलेल्या दोन गुंडाळ्या कुठायत?"

तान्हूबाई असती, तर विचारावं लागलं नसतं. तिनं त्या आधीच भिजत घातल्या असत्या.