पुसलेली फरशी

"…मग बाई, जे मला दिसलंच नाही, त्याचा दोष माझ्यावर कसा?"

डॉ. निरंजन हिरवे विचारत होता. समोर डॉ. इंदुमतीबाई बसल्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याशी, एका ट्रस्टच्या या छोट्याशा दवाखान्यात त्यांनी जन्मभर बाळंतपणं केली. निरंजन त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.



पोरगा हुशार होता, खोटं कशाला बोला. हात हलका, वाचन दांडगं. पण हुशारीबरोबर जे येतं, तेही पुरेपूर आलं होतं.

तालुक्याचं सरकारी रुग्णालय त्याच्या ताब्यात आलं तेव्हा तिथल्या बाळंतिणींच्या खोलीत कुत्री फिरायची. यानं वर्षाच्या आत ती खोली काचेसारखी केली. शाबास म्हणावं असंच काम. पण पुढं पुढं त्याचं टोक झालं. रक्ताचा एक डाग दिसला की सगळ्यांदेखत सिस्टरची खरडपट्टी. जिल्ह्यातून बक्षीस आलं, पेपरात फोटो आला, आणि मग तर विचारूच नका.

त्याच खोलीत गेल्या आठवड्यात मंजुळा गावित बाळंत झाली. मुलगी झाली. मुलगी आहे.

मंजुळा गेली.

"रक्तस्राव," निरंजन म्हणाला. "बाळंतपणानंतरचा."

तो सांगत गेला. सिस्टर वळवीनं त्याला बोलावलं होतं, हे तो नाकारत नव्हता. रक्त जास्त जातंय, असंही ती म्हणाली होती. पण तो पोचला तेव्हा मंजुळाखाली कोरी चादर होती, अंगावर धुतलेला गाऊन होता, फरशी कोरडी होती. नाडी पळत होती, पण पहिलटकरीण आहे, घाबरली असेल, असं त्याला वाटलं. गर्भाशय आकसलंय का ते बघायला तिच्या पोटावर त्यानं हात ठेवला होता का, ते त्यानं सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही.

तो ओपीडीत परत गेला. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. जिल्ह्याला न्यायला निघालेली गाडी घाटातूनच मागे फिरली.

"सिस्टरला काय म्हणालास?" बाईंनी विचारलं.

"म्हटलं, कुठंय रक्त? दाखवा."

"मग?"

"तिला दाखवता आलं नाही. मान खाली घालून उभी राहिली."

आता चौकशी लागली होती. तरी सिस्टरनं वेळेवर कळवलं नाही, असं त्यानं लिहून दिलं होतं. बिचारीची नोकरी जाणार, हे उघड होतं. जिल्ह्यात इंदुमतीबाईंच्या शब्दाला वजन होतं. चौकशी समितीपुढं त्या त्याच्या बाजूनं दोन शब्द बोलल्या असत्या तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. त्यासाठीच तर स्वारी इतक्या लांब आली होती.

बाई काही बोलणार, तेवढ्यात आतून हाक आली.

"बाई, या."

बाई उठल्या. निरंजनही मागोमाग गेला.

आत एकजण नुकतीच बाळंत झाली होती आणि खोलीकडे बघवत नव्हतं. तिच्याखालची चादर तशीच. रक्तानं जड झालेली कापडं खाटेखालच्या टबात तशीच. फरशीवर थारोळं, त्यात कुणाच्या तरी चपलेचा ठसा. निरंजनच्या कपाळाला आठी पडली. सवयच ती, जाते कुठं.

"सिस्टर, आधी हे पुसून घ्या," तो म्हणाला.

तिथली सिस्टर हलली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा हात बाळंतिणीच्या पोटावर होता.

बाई खाली वाकल्या. टबातलं एक कापड उचललं, किती रक्त गेलं ते हातावर तोललं. मग दुसरं. पांढऱ्या साडीच्या काठाला रक्त लागलं. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

मग हुकूम सुटले. दुसरी सलाईन लावा, गर्भाशय आकसायचं इंजेक्शन द्या, रक्तपेढीला फोन करा. सलाईनसाठी सिस्टर वळली, तेवढ्यात बाईंनी स्वतः पोट रगडायला घेतलं. सलाईन सुरू करून सिस्टर परत आली आणि साध्या आवाजात म्हणाली, तुमच्या हातात आता जोर राहिला नाही बाई, सरका, मी करते.

आणि बाई सरकल्या.

निरंजन बघतच राहिला. त्याच्या रुग्णालयात त्याच्याशी असं बोलायची कुणाची छाती नव्हती.

बऱ्याच वेळानं रक्त थांबलं. बाळंतिणीनं पाणी मागितलं. तेव्हा कुठं बाईंनी मान हलवली आणि सफाईच्या मावशीनं फरशीला हात लावला.

दोघं बाहेर पायरीवर येऊन बसले. ऊन कडक होतं. निरंजनचा चेहरा साफ उतरला होता. एका बाईचा जीव वाचला त्याचा आनंद व्हावा ना माणसाला? त्याला तो झाला नाही. इतकं साधं होतं, हेच त्याच्या जिवाला लागलं.

"त्या दिवशीही कापडं होती बाई…"

त्यानं मागं वळून खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"मी येणार म्हणून उचलली असणार. ब्लिचिंगच्या पाण्यात टाकली असणार. चादर बदलली, फरशी पुसली, आणि मग मला बोलावलं…"



"माझ्या धाकानं," तो म्हणाला.

तो रडायला लागला. बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. रडू देत. मंजुळाच्या पोरीला आपलं काय गेलं तेही कळत नव्हतं.

मग त्यानं डोळे पुसले.

"मी लिहिलेलं मागे घेतो. समितीपुढं खरं ते सांगतो. सिस्टर वळवींची माफी मागतो, सगळ्यांदेखत. मग तरी यातून सुटेन ना, बाई?"

बाई उन्हाकडे बघत राहिल्या.

"माफी माग. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत शीर. तुला बघून कुणाचा हात फडक्याकडे गेला, तर समज… अजून एक मरायची आहे."