आबांची फर्माईश

गिरजाक्काचा तमाशाचा फड जत्रेत उतरला होता. तंबू तिचा, पैसा तिचा, कलावंतांची पोटंही तिच्याच जिवावर. खेळाआधी सभापती धैर्यशीलआबा राहुटीत शिरले. मागं रॉकेलचे डबे घेतलेली माणसं.

"अक्का, तुझ्या वगात गायरान गिळणारा पाटील आहे म्हणे. तो आज दिसला, तर तंबू उद्या दिसायचा नाही."

अक्काच्या तोंडातलं पान सुकलं. पलीकडं पोरी पायांत चाळ बांधत होत्या आणि इथं रॉकेलचा वास.

"काढते की, आबा," ती कशीबशी म्हणाली. "तुमची फर्माईश म्हणजे हुकूम. फक्त फडाची रीत पाळावी लागंल."

"कसली रीत?"

"फर्माईश कुणाचीही असो, माइकवरून नावासकट पुकारायची. 'गायरान गिळणारा पाटील सभापती धैर्यशीलआबांच्या खास आग्रहावरून गाळला आहे, मंडळ त्यांचं आभारी आहे.' पुकारू का?"

आबांनी बाहेरच्या अफाट गर्दीकडं पाहिलं आणि डबे परत धाडले.

खेळ रंगला. पाटलाच्या सोंगाला सगळ्यांत मोठ्यानं आबाच हसले. पहिल्या रांगेत बसून, घाम पुसत, आपल्याकडं कोण बघतंय ते बघत.