मानाचा पाट

नदीकाठच्या एका गावाला आपल्या म्हाताऱ्यांचा फार अभिमान होता. बाजारात, जत्रेत, सोयऱ्यांच्या लग्नात, कुठेही गेली तरी गावची माणसं छाती फुगवून सांगत, "आमच्याकडे म्हातारं माणूस पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नाही."

आणि खरंच उचलत नसे. माणसाचे केस पुरते पिकले की घरचे चांगला दिवस बघून त्याला ओटीवर पाटावर बसवत. अंगावर नवं घोंगडं घालत, पाया पडत आणि म्हणत, "आता तुम्ही फक्त बसायचं." त्याला मानाचा पाट म्हणत. त्या दिवसापासून त्या माणसाच्या हातातला दोर, विळा, घागर, मुसळ सगळं काढून घेतलं जाई. खाण्यातही मान असे: म्हातारपणी जड नको, म्हणून पातळ पेज. मग थोड्याच काळात त्या माणसाला पाटावरून उठवायला दोघं लागत. गाव सुस्कारा टाकून म्हणे, "वय झालं."

वय तर पाटावर बसवलं त्या दिवशीही झालेलंच होतं. तेव्हा तो माणूस स्वतःच्या पायांनी चालत पाटापर्यंत आला होता. पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मान देणाऱ्याला प्रश्न पडत नाहीत.

त्या गावात हौसाबाई नावाची एक बाई होती. तिने जन्मभर आडाचं पाणी ओढलं होतं, लग्नाघरी भात कांडला होता, अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढलं होतं. तिचाही पाटाचा दिवस आला. मुलगा रावजी पाया पडला, सून गजरा पाया पडली. हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, चला, पोरांनी पांग फेडले.

पहिले काही महिने बरे गेले. मग दंडावर घट्ट बसणारी वाकी एके दिवशी आपोआप कोपरापर्यंत घसरली. मांड्या हाताला लागेनात, नुसतं हाड लागू लागलं. उठताना भिंत धरावी लागली, मग भिंतही पुरेना. ती म्हणाली, "रावजी, माझं काहीतरी बिघडलंय रे." रावजी मायेने म्हणाला, "काही बिघडलं नाही, आई. वय आहे. तू बस."

समोरच्या घरात तिची मैत्रीण तुळसा राहायची. तुळसा तिच्या आधी पाटावर बसली होती. एका सकाळी तुळसा कुणाला हाक न मारता मोरीकडे निघाली, कारण मोरीला जायला हाक मारायची तिला लाज वाटायची. चार पावलांत तिचे पाय मुडपले. मांडीचं हाड मोडलं. त्या दुखण्यातून ती उठलीच नाही.

तिच्या दहाव्याला सगळा गाव जमला. हौसाबाईलाही धरून आणून बसवलं होतं. पाटील म्हणाले, "भाग्यवान बाई. शेवटपर्यंत पाटावर बसून खाल्लं."

हौसाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कसलं भाग्य, पाटील? तिला मोरीपर्यंत जाता येत नव्हतं."

"वय झालं होतं तिचं, हौसाबाई."

"वय झालं म्हणून नाही पडली ती. तुम्ही बसवून ठेवली म्हणून पडली!"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मैत्रीण गेल्याच्या दुःखाने बाई बहकली, असं कुणीतरी कुजबुजलं. हौसाबाईला ते ऐकू आलं. आता इथे एक क्षण थांबायचं नाही, असं ठरवून ती उठायला गेली.

तिला उठता आलं नाही.

रावजी आणि आणखी एकाने काखेत हात घालून तिला उभं केलं आणि घरी आणलं. तिच्या पोटात नुसता जाळ होता. पण पोटातल्या जाळाने पाय उभे राहत नाहीत, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून तिने सरकत जाऊन पाण्याने भरलेल्या हंड्याला हात घातला. दाखवतेच एकेकाला, असं तिच्या मनात होतं. हंडा वीतभर उचलला आणि ती हंड्यासकट कोसळली. नशीब, हाड शाबूत राहिलं. कोपर सोलून निघालं, कंबरेत उसण भरली. रावजी धावत आला. "बघितलंस? म्हणून सांगतो, बस!" आता तिच्यावर पहाराच बसला.

गावच्या तालमीचे वस्ताद हिरोजी उसण उतरवत. ते आले, कंबर चोळून दिली. हौसाबाईने त्यांना विचारलं, "हिरोजी, तुझ्या तालमीत काडीसारखी पोरं येतात आणि खांबासारखी होऊन जातात. मग मला का बळ येणार नाही?"

वस्ताद हसले. "मावशी, ह्या वयात बळ जातं. येत नाही."

"कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"तू करून बघितलंस? एखाद्या तरी म्हाताऱ्याला शिकवलंस?"

हिरोजी माणूस प्रामाणिक होता. "नाही," ते म्हणाले. "करून नाही बघितलं."

"मग न बघता कसा बोललास? तूही त्यांच्यातलाच!"

वस्तादांना हे लागलं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "ऐक, मावशी. पोरांना जे सांगतो तेच तुला सांगतो, दुसरं मला येत नाही. झेपेल तेवढंच उचलायचं, आणि ते सोपं झालं की तीळभर वाढवायचं. अंग दुखलं तर मध्ये विसावा द्यायचा, पण सोडायचं नाही. आणि पोटात दमदार काही हवं. पेजेवर झालेला पैलवान मी तरी पाहिला नाही." मग म्हणाले, "आणि काल तू हंडा उचलला नाहीस, राग उचललास. रागाला धरायला काठ नसतो."

हौसाबाईला हे बोल झोंबले, पण पटले.

तिने दोन तांबे मागून घेतले. दोन्हींत मूठ मूठ वाळू घातली. ओटीच्या कडेवर बसून ते खांद्यापर्यंत न्यायचे, सावकाश खाली आणायचे. मग भिंतीला तळवे टेकून भिंत ढकलायची. मग ओटीच्या कडेवरून हात न टेकता उभं राहायचं, परत बसायचं, परत उभं राहायचं. पहिल्या दिवशी उभं राहताना तिचे पाय वाऱ्यावरच्या पानासारखे लटपटले. वस्ताद खांद्याजवळ हात धरून उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही. त्याचाही तिला राग आला आणि नंतर बरं वाटलं.

गजरा मात्र रडायला लागली. "आत्याबाई, पाया पडते, हे थांबवा. बायका पाणवठ्यावर बोलतात. म्हणतात, गजरा सासूकडून वजनं उचलून घेते."

हौसाबाईने तिला जवळ बसवलं. "त्या बायकांपैकी कोण मला मोरीला न्यायला येते?"

"कुणी नाही."

"तू नेतेस. तुझी कंबर मोडते, मी मान खाली घालते. हे तुला बरं वाटतं?"

गजराने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सासूच्या ताटात पेज नव्हती. भाकरी होती, मोड आलेल्या हरभऱ्याची उसळ होती, बाजूला दुधाचा वाडगा होता. रावजी म्हणाला, "आईला हे पचेल का?" गजरा म्हणाली, "तालमीत जाणाऱ्या पोरांना पचतं. आत्याबाईही तालीमच करतात."

हे सगळं सरळ झालं, असं मुळीच नाही. पावसाळ्यात गुडघे सुजले आणि सगळं थांबलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा वाळू कमी करावी लागली. त्या दिवशी हौसाबाईने तांब्या अंगणात भिरकावून दिला आणि वस्तादांना, मुलाला, गावाला, स्वतःच्या पायांना तोंडाला येईल ते बोलली. बोलून दमली. मग स्वतःच जाऊन तांब्या उचलून आणला. ती वाकली होती आणि परत सरळ झाली होती, हे तिला ओटीवर आल्यावर ध्यानात आलं.

थंडी सुरू झाली तेव्हा ती जमिनीवर बसून जेवायला लागली आणि जेवण झालं की आपली आपण उठायला लागली. पहिल्यांदा उठली तेव्हा गजरा वाढत होती. पळी तशीच हातात धरून ती बघत राहिली.

एके दिवशी आडावर हौसाबाईने स्वतः कळशी ओढली. हे मात्र गावाच्या डोळ्यांत खुपलं. पाटलांनी रावजीला चावडीवर बोलावलं. सगळा गाव जमला.

"रावजी," पाटील म्हणाले, "पाटावर बसवलेल्या आईला तू पाण्याला लावलंस. गावाचं नाक कापलंस. सगळ्यांसमोर माफी माग आणि आईला परत पाटावर बसव. नाहीतर ह्या गावात तुझ्या घरी कुणी पाणी पिणार नाही."

रावजीची मान खाली गेली. तो हात जोडणार, एवढ्यात गर्दीतून हौसाबाई पुढे आली.

"हात खाली घे, रावजी. पाटील, तुमचा मान किती खरा आहे ते बघू. गावातली पाटावरची सगळी माणसं इथे आणा. त्यांच्यातलं एक जरी माणूस आपल्या आपण उठून उभं राहिलं, तर मी जन्मभर पाटावर बसते. माफी मीच मागते."

पाटलांना नाही म्हणता येईना. माणसं आपापल्या घरी गेली आणि आई-बापांना घेऊन आली. कुणी खांद्यावर आणलं, कुणी घोंगड्यात घालून. चावडीच्या अंगणात त्यांची ओळ लागली. आजवर ही माणसं आपापल्या ओटीवर एकेकटी दिसत होती. सगळी एकत्र गावाने कधी पाहिली नव्हती. ज्याने मोटेचे बैल हाकले, जिने खंडीखंडी भात कांडला, ज्याने दगड फोडून हीच चावडी बांधली, त्यांचे हात मांडीवर चिंधीसारखे पडले होते.

"उठा," हौसाबाई म्हणाली.

कुणी जमीन रेटली. कुणी शेजाऱ्याचा खांदा धरला. एक म्हातारी अर्धी उठली आणि मटकन खाली बसली. कुणालाही उठता आलं नाही. त्यांची मुलं उभी राहून बघत होती. एकाने तोंड फिरवलं.

हौसाबाई त्या ओळीत जमिनीवर बसली. हात मांडीवर ठेवले आणि उठली. तिचे पाय लटपटले नाहीत.

"हे वयाने केलं म्हणता? मी ह्यातल्या कित्येकांहून थोरली आहे. ह्यांच्या अंगातलं बळ तुम्ही पाया पडून पडून काढून घेतलंत. चोर तरी चोरी करताना लाजतो. तुम्ही वर घोंगडं पांघरलंत आणि मिरवलंत!"

रावजी म्हाताऱ्यांच्या ओळीकडे बघत राहिला. माफीसाठी जुळत आलेले हात त्याने आईपुढे जोडले.

मग ओळीतला ज्ञानू म्हातारा, मोट हाकणारा, म्हणाला, "हौसा, मला उचलायला कुणाला सांगू नकोस. मला उठायला शिकव."

तो जमिनीवरून उठणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. सुरुवात उंचावरून करावी लागते. तिने इकडे तिकडे बघितलं. अंगणात उंच बैठक एकच होती.

"पाटील, उतरा खाली," ती म्हणाली. "ह्या माणसाला तुमची जागा पाहिजे."

पाटलांनी त्या ओळीकडे बघितलं. मग सगळ्या गावादेखत ते खाली उतरले. ज्ञानूला त्यांच्या बैठकीवर बसवलं.

"पाय मागे घ्या, भाऊजी. पुढे झुका. आता जमीन ढकला." हौसाबाईने हात पुढे धरले, पण लावले नाहीत. ज्ञानूचा मुलगा आधार द्यायला धावला, तशी ती त्याच्यावर कडाडली, "लांब हो!"

ज्ञानू थरथरला, कण्हला, आणि उभा राहिला.

तो फार वेळ उभा राहिला नाही. पण तेवढ्या वेळात चावडीवर बसलेली सगळी तरणी माणसं, कुणीही न सांगता, उठून उभी राहिली होती.

तात्पर्य: म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं सगळं ओझं काढून घेणं म्हणजे मान नव्हे, ती त्याच्या बळाची लूट आहे. अंग वापरलं तर कोणत्याही वयात भरतं, म्हणून थोरांना नुसतं बसवू नका. झेपेल तेवढं त्यांना उचलू द्या आणि जवळ उभे राहा.